पिवळ्या डोळ्यांचं बाळ, तिसऱ्यांदा

कुमासी, ६ मार्च २०१६

प्रिय वोफा,

आईने तुम्हाला कळवलंच असेल. पण तिने फोनवर कळवलं असणार, म्हणजे तुम्ही "हो हो, बरं बरं" म्हणाला असाल आणि एक अक्षरही तुमच्या कानात शिरलं नसेल. म्हणून हे पत्र बुकारीच्या ट्रोट्रो गाडीने पाठवते आहे. त्याला बजावलं आहे की न्सुआनोच्या आरोग्य केंद्रात, तुमच्याच हातात द्यायचं.

मी नापास झाले. सात गुणांनी. फिजिशियन असिस्टंटचं चार वर्षांचं शिक्षण झालं, इस्पितळातलं काम झालं, आणि परवान्याच्या परीक्षेत घोडं अडलं. परवाना नाही म्हणजे मी लोकांचा ताप मोजू शकते, पण तापावर गोळी लिहून देऊ शकत नाही. आईच्या भावापुढे, म्हणजे वोफापुढे, रडायला भाचीला कसली लाज, पण रडून झालं आहे, तेव्हा कामाचं लिहिते.

ऑगस्टमध्ये परत बसणार आहे. आईशी करार झाला आहे: या वेळी जमलं नाही तर टेचिमानच्या बाजारात तिच्या कापडाच्या दुकानात बसायचं, कायमचं. तिने माझ्यासाठी स्टूल आणूनही ठेवलं आहे. कापडाशी माझं वैर नाही. पण नऊ वर्षांची असताना तुम्ही माझ्या कानाला नळी लावून एका बाळाचं हृदय ऐकवलं होतंत. ते ऐकलेल्या बाईने आता वार मोजत बसायचं?

माझा बेत असा आहे. मोठं पुस्तक अकराशे चाळीस पानांचं आहे. रोज वीस पानं, म्हणजे ऑगस्टपर्यंत दोनदा वाचून होईल. मागच्या खेपेला एकदाच झालं होतं. परीक्षेत एक विचित्र गोष्ट झाली, वोफा. प्रश्न वाचला की मला पान आठवायचं. डावीकडचं पान, खाली आकृती, मी पिवळ्या पेनाने केलेली खूण. फक्त पानावर काय लिहिलं होतं तेवढं आठवायचं नाही.

तुमच्या जुन्या वह्या असतील तर पाठवा. त्याही वाचीन.

तुमची,
कोनादू

---

न्सुआनो, ११ मार्च

कोनादू,

वह्या नाहीत. असत्या तरी पाठवल्या नसत्या.

अकराशे चाळीस पानांवर तू पिवळा रंग दिलास, म्हणजे पुस्तक रंगलं. तू कोरीच राहिलीस. तुम्ही पोरं ज्या घोकंपट्टीला चावा, ओता आणि विसरा म्हणता, तोच हा प्रकार. दुसऱ्यांदा चावल्याने त्यात जास्त रस येत नाही.

आता मी सांगतो तसं कर, आणि का असं विचारू नकोस. पुस्तक आईने दिलेल्या जाड कापडात बांध आणि दोरीला गाठ मार. दर सहाव्या दिवशी एकदा सोडायचं. बाकीचे पाच दिवस कोरा कागद घ्यायचा आणि डोक्यात जे उरलं असेल ते लिहायचं. कमी उरलं असेल तर कमी लिही. लाज वाटली पाहिजे, तिचा उपयोग होतो.

बुकारीच्या प्रत्येक फेरीला मी एक रुग्ण पाठवीन. उत्तर पुस्तक न सोडता लिहायचं. सोडलंस तर मला कळेल.

पहिला रुग्ण. पाच दिवसांचा मुलगा. आजी घेऊन आली आहे. डोळे पिवळे, तळपायही पिवळे. कालपासून दूध नीट ओढत नाही. तू काय करशील?

तुझा वोफा,
याव आसारे

---

कुमासी, १३ मार्च

प्रिय वोफा,

एवढंच? मी मेंदूच्या रोगासारखं काहीतरी अवघड येईल म्हणून घाबरून बसले होते.

नवजात बाळाची साधी कावीळ आहे. निम्म्याहून जास्त बाळांना होते. सकाळचं कोवळं ऊन, वरचेवर दूध, आणि आजीला धीर. दोन ओळींत संपलं.

पुस्तक बांधलं आहे. माझ्याबरोबर खोलीत राहणारी देदेई, तीही ऑगस्टलाच परत बसते आहे, त्या गाठोड्याकडे बघून म्हणाली, "हे कुणाला पुरायला नेणार आहेस?" कोऱ्या कागदावर मलेरियाबद्दल जे आठवतं ते लिहायला बसले. अर्धं पान भरलं, वोफा. ज्या आजाराचा मी अख्खा जन्म डास मारत अभ्यास केला आहे, त्याबद्दल अर्धं पान. लाज वाटली. तुम्ही म्हणालात तशी.

कोनादू

---

न्सुआनो, १९ मार्च

कोनादू,

तुझं बाळ आज सकाळी गेलं असतं.

घाबरू नकोस, ते माझ्या जुन्या रजिस्टरमधलं आहे आणि जगलं. आता नांगर धरतं. पण तुझ्या उन्हाने जगलं नसतं. तळपायापर्यंत पिवळं आणि दूध ओढत नाही, एवढं लिहिल्यावरही तू दोन ओळींत मोकळी झालीस. तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस. मी म्हातारा माणूस, विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

आपल्या घरी पाहुणा आला की काय करतो? बसवतो, पाणी देतो. मग म्हणतो, "इकडे सगळं ठीक आहे, वाट तुम्ही चालून आलात, काय निरोप?" आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालत नाही. रुग्णही पाहुणाच असतो. तू पाणी न देताच त्याला वाटेला लावलंस.

उत्तर ऐक. काही मुलांच्या रक्तात तांबड्या पेशी सांभाळणारा एक पदार्थ जन्मतःच कमी असतो. अशा मुलाला डांबरगोळीचा वास लागला की पेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. त्या आजीने बाळाला स्वतःच्या पेटीतल्या जुन्या चांगल्या कापडात गुंडाळलं होतं, आणि पेटीत डांबरगोळ्या होत्या. वासाचं कापड काढायचं आणि त्याच क्षणी मोठ्या इस्पितळात, निळ्या दिव्याखाली. विचारायचा प्रश्न एकच होता: कापड कुठून काढलं? थोरल्या बाईला हे विचारणं अवघड असतं, कारण तिला वाटतं तिच्यावर आळ घेतला. म्हणून आधी पाणी.

चुकांची एक वही कर. बरोबर आलेलं लिहू नकोस, ते कुठे पळून जात नाही.

दुसरा रुग्ण मागच्या बाजूला आहे. साप चावलाय. या वेळी विचार.

याव आसारे

---

कुमासी, १० एप्रिल

प्रिय वोफा,

सापवाल्याला मी नऊ प्रश्न विचारले आणि तुम्ही सातच बरोबर धरलेत, हा अन्याय आहे. उरलेले दोन तुम्हाला वाचता आले नसतील. अक्षर माझं खराब आहे हे मान्य.

काय सांगू, मला अभ्यासात मजा येऊ लागली आहे. हे वाक्य मी लिहिलं यावर देदेईचा विश्वास बसेना, तिने पत्र हातातून ओढून वाचलं. आम्ही दोघी आता एकमेकींना शिकवतो. ती रुग्ण होते, मी पाणी देते, खरोखरचं पाणी, आणि ती निरोप सांगते. काल तिने मधुमेही आजीचं इतकं छान सोंग काढलं की शेजारीण औषध घेऊन धावत आली.

आणि रोज एकाच विषयावर बसत नाही. सकाळी हृदय, मग लगेच त्वचा, मग हाडं. आधी डोक्यात भेळ झाली. आता असं वाटतं की परीक्षेतही असंच येतं, कुणी "आता हृदयाचे प्रश्न" म्हणून पाटी लावत नाही.

एक गंमत. या खेपेला तुम्ही परत पिवळं बाळच पाठवलंत. सहा दिवसांचं केलंत, आणि आजीच्या जागी आत्या आणलीत, पण तेच बाळ. मला रक्ताचं आठवलं, दिव्याचं आठवलं, आणि काय विचारायचं ते साफ विसरले. कापड. आता तुम्ही हसत असाल.

कागद चुकून अदलाबदल झाले का?

कोनादू

---

न्सुआनो, ३० एप्रिल

कोनादू,

तुझं सापाचं अक्षर मला वाचता आलं. प्रश्नच वाईट होते.

पाऊस पडून गेला, याम कंदाच्या वेलांना दम आला आहे. केंद्रात सकाळपासून रांग. नवीन नर्स चांगली आहे, पण माझ्या कानात ओरडून बोलते आणि सगळ्या गावाला रुग्णाचा आजार कळतो.

प्रश्न सोडवताना घड्याळ लावतेस का? लाव. एका प्रश्नाला एक मिनिट. सुटला नाही तर खूण करून पुढे जा. बैल अडला म्हणून सगळा बाजार थांबत नाही.

या वेळचा रुग्ण. पाच दिवसांचा मुलगा. आजी घेऊन आली आहे. डोळे पिवळे, तळपायही पिवळे. कालपासून दूध नीट ओढत नाही. तू काय करशील?

याव आसारे

---

कुमासी, ८ मे

प्रिय वोफा,

तब्येत कशी आहे? जेवता ना नीट? झोप लागते?

बाळाचं उत्तर: आजीला पाणी. कापड कुठून काढलं? वास येतो का? आईच्या माहेरी कुणाला असं झालं होतं का? कापड बदला, आणि बुकारीच्या गाडीत बसवून मोठ्या इस्पितळात. पाच ओळी, घड्याळ लावून पन्नास सेकंद.

वोफा, एक विचारू? रागावू नका. आज वार कोणता? तुम्ही सकाळी काय खाल्लंत? आणि मी तीन शब्द लिहिते, ते लक्षात ठेवा आणि पुढच्या पत्रात लिहा: याम, बोकड, छत्री.

सहज विचारते आहे. देदेई म्हणते सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

तुमची, खूप खूप तुमची,
कोनादू

---

न्सुआनो, २२ मे

कोनादू,

याम, बोकड, छत्री.

आज रविवार. सकाळी लापशी आणि चवळीचे दोन कोसे वडे खाल्ले. तुझ्या आईला विचार, ती समोर बसून मी काय खातो ते बघत होती.

हो, माझी बहीण पोकुआ आली होती. एकटी नाही. घराण्याचे प्रमुख त्यांची काठी घेऊन आले होते, दोन मावश्या आल्या होत्या, आणि पामफळाच्या रश्श्याचं भलंमोठं भांडं आलं होतं. भांड्याचा आकार बघूनच मला कळलं की हे लोक मला न्यायला आले आहेत. पाणी दिलं, निरोप विचारला. प्रमुख म्हणाले, "याव, तू तेच तेच लिहायला लागला आहेस असं पोरीने कळवलं आहे. चल आता टेचिमानला. माणसांची औषधं विसरलास तर?"

एका भाचीने मला माझ्याच केंद्रातून उठवायची पाळी आणली. मग तुझ्या आईने माझी परीक्षा घेतली. तू शिकवलेलीच, तीन शब्दांची. अर्ध्या तासाने मला विचारलं. मी सांगितले. तिने कपाळाला आठ्या घातल्या, कारण तिसरा शब्द तिलाच आठवेना. मावश्यांनी पदरात तोंड लपवून हसून घेतलं. प्रमुखांनी रस्सा वाढायला सांगितलं.

मग मी त्यांना वही दाखवली. ती तुला आता सांगावी लागेल, नाहीतर तू पुढच्या खेपेला मला साखळीने बांधायला पाठवशील.

वहीत तुझं नाव आहे आणि तारखा आहेत. पिवळं बाळ: ११ मार्चला पाठवलं, साफ चुकलीस. २ एप्रिलला पुन्हा, अर्धं आलं. ३० एप्रिलला पुन्हा, शब्द न बदलता, पन्नास सेकंदांत सगळं आलं. साप दोनदा झाला आहे, तो जूनमध्ये परत चावेल. जे तुला पक्कं येतं त्याच्यामधलं अंतर मी वाढवत नेतो, जे सुटतं ते लवकर परत येतं. मेंदू एखादी गोष्ट सोडायच्या बेतात असताना ती त्याच्याकडून परत मागितली की तो ती घट्ट धरतो. विसरत तू होतीस, कोनादू. मी फक्त तारखा ठेवत होतो.

हे मी पुस्तकात वाचलं नाही. आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. पहिल्या खेपेला मीही नापास झालो होतो. आमच्या शाळेत पुस्तक एकच होतं आणि मुलं सहा. मी हुशारी केली. पूर्ण वर्ष ते पुस्तक हाताने उतरवून काढलं, चित्रांसकट. माझी स्वतःची प्रत झाली, तेव्हा मला वाटलं सगळं माझं झालं. बाकीचे पाच जण पास झाले. त्यांच्याकडे पुस्तक सहा दिवसांतून एकदा यायचं, म्हणून उरलेले पाच दिवस ते एकमेकांना विचारत बसायचे. दुसऱ्या वर्षी मी माझी प्रत एका धाकट्या मुलाला देऊन टाकली आणि त्यांच्या ओळीत जाऊन बसलो.

त्या धाकट्याचं काय झालं ते विचारू नकोस. तोही एकदा नापास झाला.

याव आसारे

---

कुमासी, २९ मे

प्रिय वोफा,

मला कुठे तोंड लपवू असं झालं आहे, आणि तरी सकाळपासून हसते आहे. देदेईला पत्र वाचून दाखवलं तर ती पलंगावरून घसरली. आई फोनवर म्हणाली, "तुझा वोफा ठणठणीत आहे, आणि तू दीड शहाणी आहेस. माझे तीन शब्द कोणते होते गं?"

मी तुम्हाला वेडं ठरवलं, आणि तुम्ही माझ्यासाठी वही ठेवत होतात. माफ करा. चुकांच्या वहीत ही चूक पहिल्या पानावर लिहिली आहे: विचारल्याशिवाय निदान केलं.

आता मीही तारखा ठेवते. कागदाचे तुकडे कापले, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि बुटांच्या खोक्यात कप्पे: उद्याचे, चार दिवसांनंतरचे, पंधरा दिवसांनंतरचे, महिन्यानंतरचे. येत असलेला तुकडा पुढच्या कप्प्यात जातो, चुकला की मुकाट्याने पहिल्या कप्प्यात. देदेईचं खोकं माझ्याहून मोठ्या बुटांचं आहे, म्हणून ती स्वतःला जास्त हुशार समजते. पहिल्या सराव परीक्षेला आम्ही दोघी मागच्या खेपेच्या गुणांच्या पुढे गेलो. मी तर बऱ्याच पुढे. मला नाचावंसं वाटलं, आणि नाचलेही.

पण एक गोष्ट तुम्ही लपवलीत. बुकारीने सांगितलं. डिसेंबरमध्ये तुमची निवृत्तीनंतर वाढवून मिळालेली नोकरीची मुदत संपते आणि न्सुआनोला यायला कुणी तयार नाही. गावात म्हणतात की दाराला कुलूप लागणार. एवढी मोठी गोष्ट, आणि मला एका अक्षराने नाही?

कोनादू

---

न्सुआनो, १२ जून

कोनादू,

बुकारीला गाडी चालवायला ठेवलं आहे, बातम्या वाटायला नाही.

खरं आहे. नाही सांगितलं, कारण परीक्षेला जाताना पोरीच्या पाठीवर एक अख्खं गाव बांधून द्यायचं नसतं. पेन जड होतं. तू तुझ्यासाठी पास हो. मग कुठे जायचं ते तुझं तू ठरव, आणि तुला शहर हवं असेल तर मी वाईट वाटून घेणार नाही. थोडंसं घेईन.

आता शेवटचं सांगतो आणि पत्रं थांबवतो. परीक्षेआधी तीन दिवस काहीही नवीन उघडायचं नाही. भात खा, झोप पुरी कर. झोपेत डोकं तुझे कप्पे लावत असतं, त्या वेळी त्याला त्रास देऊ नकोस.

साप परत चावला आहे, मागे बघ.

याव आसारे

---

कुमासी, २१ ऑगस्ट

प्रिय वोफा,

झाली परीक्षा, आणि मला तुम्हाला एकच प्रश्न सांगायचा आहे. बाकीचे मग.

तीन तास झाले होते. प्रश्न असा: बावीस वर्षांचा विद्यार्थी. ताप आला म्हणून औषधाच्या दुकानातून सल्फाच्या गोळ्या घेतल्या. तीन दिवसांनी थकवा, डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. पुढे पाच उत्तरं, आणि पहिलंच उत्तर यकृताची सूज, दिसायला अगदी साळसूद. माझं पेन तिकडे निघालंच होतं.

मग मी मनात त्याला पाणी दिलं. तुम्ही हसाल, पण दिलं. बस बाबा, काय निरोप? आणि त्याच्याकडे नीट बघितलं, तर ओळख पटली. तेच बाळ होतं, वोफा. तुमचं पिवळं बाळ. बावीस वर्षांचं होऊन, मिशा फुटून परीक्षेला येऊन बसलं होतं. डांबरगोळीच्या जागी सल्फाची गोळी, कापडाच्या जागी औषधाचं दुकान, आणि आत तेच रक्त. मी परीक्षेच्या खोलीत मोठ्याने हसले. पर्यवेक्षक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

या वेळी एकदाही पान आठवलं नाही. माणसं आठवली. तुमचा साप चावलेला माणूस, देदेईची मधुमेही आजी, तुमची पायातली ताकद गेलेली बाई. एकेक जण आला, बसला, आपलं सांगून गेला.

पास झाले की नाही ते माहीत नाही. पण वोफा, मी आजच सांगते, न्सुआनोसाठी अर्ज मी जुलैमध्येच लिहून ठेवला आहे. तुम्ही पाठीवर बांधलं नाहीत, मीच बांधून घेतलं.

कोनादू

---

कुमासी, १४ ऑक्टोबर

वोफा,

पास. देदेईपण. सात गुणांनी कमी पडले होते, या वेळी एकसष्टने वर.

आई रडली, मग म्हणाली, "त्या स्टुलाचं आता मी काय करू?"

पोस्टिंगचं पत्र याच पाकिटात आहे. वाचा. मोठ्याने वाचा, नर्सला ऐकू जाईल असं.

कोनादू

---

टेचिमान, ५ फेब्रुवारी २०१७

कोनादू,

तुला न्सुआनोच्या किल्ल्या देऊन मला दोन महिने झाले. कपाटाची पितळी किल्ली अर्धी फिरवून मग ओढायची, हे सांगायचं राहिलं. तू कुलूप तोडलंस असं बुकारी म्हणतो.

तुझ्या आईने त्या स्टुलाचं काय केलं ते तुला कळलं असेलच. मी त्यावर बसलो आहे. स्टूल बरं आहे, थोडं डुगडुगतं. मला गिऱ्हाइकांचं ऐकू येत नाही म्हणून मी त्यांना हवं त्याच्यापेक्षा जास्त कापड मोजून देतो, आणि पोकुआ माझ्यावर ओरडते, तेही मला ऐकू येत नाही. तिच्या सगळ्या पेट्यांतल्या डांबरगोळ्या मी पहिल्याच आठवड्यात फेकल्या. आता कडुलिंबाचा पाला घातला आहे. बारशासाठी पांढरं कापड न्यायला कुणी आलं की मी विचारतो, घरात किती दिवसांचं मूल आहे? लोकांना वाटतं म्हाताऱ्याला गप्पा हव्यात.

आज एक आजी आली. तुझ्या बाजूची, न्सुआनोहून दोन मैल आत राहते. आठव्या दिवसाच्या नामकरणासाठी कापड हवं होतं. मी बसवलं, पाणी दिलं, निरोप विचारला. बोलता बोलता म्हणाली की तोवर बाळाला माझंच जुनं कापड गुंडाळलंय, पेटीतलं, फार जपून ठेवलेलं.

मी कात्री खाली ठेवली. बारशाचं कापड अर्ध्यावर सोडून तिला बुकारीच्या गाडीत पुढच्या जागेवर बसवलं आणि हे पत्र तिच्याच हातात देतो आहे. ती आत्ता तुझ्या दारात उभी असेल. थकलेली आहे, आणि आपलं काही चुकलं की काय या शंकेने घाबरली आहे. बाळ घरी आहे, चार दिवसांचं.

पुढचं मी लिहीत नाही. विचार.

याव आसारे

---

न्सुआनो, ९ फेब्रुवारी

प्रिय वोफा,

विचारलं.

आधी पाणी दिलं. पत्र तिच्यासमोरच वाचलं आणि घडी करून बाजूला ठेवलं. ती सगळं सांगून होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मग म्हटलं, "आजी, तुम्ही नातवाला घरातलं सगळ्यात चांगलं कापड दिलंत. ते किती दिवस पेटीत होतं?" ती रडली नाही, रागावली नाही. तिने सगळं सांगितलं, डांबरगोळ्यांसकट. आम्ही बुकारीच्या गाडीनेच तिच्या घरी गेलो.

तळपाय पिवळे होते, वोफा. पण अजून दूध ओढत होतं. कापड काढलं, माझी ओढणी गुंडाळली, आणि आई, आजी, बाळ, तिघांना घेऊन तसेच मोठ्या इस्पितळात. तीन दिवस निळ्या दिव्याखाली होतं. आज सकाळी फोन आला, पिवळेपणा उतरतो आहे आणि भूक लागली की सगळा वॉर्ड जागा करतं. रक्त तपासलं. तेच निघालं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला विचारलं की एवढ्या लवकर कसं ओळखलंत. मी म्हटलं, हे बाळ मला याआधी चार वेळा भेटलं आहे.

आठवा दिवस इस्पितळातच गेला, म्हणून नामकरण पुढच्या आठवड्यात आहे. तुम्हाला आणि आईला बोलावलं आहे, आणि अर्धवट सोडलेलं कापड घेऊन यायला सांगितलं आहे. या वेळी वार नीट मोजा.

आणि हो, वोफा. मी त्या आजींना नेमकं काय विचारलं, ते मी तुम्हाला बरोबर सहा दिवसांनी पत्रातून विचारणार आहे. वहीत तारीख टाकली आहे.

तुमची,
कोनादू